६४० केबीचा संसार

‘विंग कमांडर’ ४८६वर खेळू नये. तो चालत नाही म्हणून नव्हे, जरा जास्तच चालतो म्हणून.

अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या ऑरिजिन कंपनीने १९९० साली काढलेला हा अंतराळयुद्धाचा खेळ. ख्रिस रॉबर्ट्स त्याचा कर्ता. समोरची विमानं म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून आधीच काढून ठेवलेली चित्रं. विमान जवळ आलं की यंत्र ते चित्र मोठं करून दाखवतं, लांब गेलं की लहान. हे काम सेकंदाला किती वेळा करायचं याचा लगाम खेळात नाही. यंत्राला जमेल तितक्या वेळा. तेव्हाच्या ३८६ प्रोसेसरला एवढ्यानेच घाम फुटायचा आणि खेळाची सगळी लय त्या घामावर बेतलेली होती. दोनच वर्षांत ४८६ डीएक्स-टू ६६ बाजारात आला आणि हाच खेळ त्याच्यावर अंगात आल्यासारखा पळू लागला. तुम्ही विमान वळवेपर्यंत शत्रू मागून येऊन काम उरकून गेलेला असतो.

म्हणून मला ३८६ हवा होता. पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या आसपास ज्यांची हयात कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात गेली अशा एका काकांकडे तो निघाला. ३८६ डीएक्स, ३३ मेगाहर्ट्झ, चार मेगाबाइट मेमरी. माळ्यावरून काढला तेव्हा वर प्लास्टिकचं कव्हर तसंच होतं. एसी खोलीत, चपला बाहेर काढून ज्यांनी कॉम्प्युटरचे क्लास केले, त्या पिढीला हे कव्हर आठवेल.

मी वायर शोधायला लागलो तर काकांनी हात धरला.

“आधी उघड. चालू नंतर.”

उघडल्यावर कारण दिसलं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात कीबोर्डच्या सॉकेटजवळ एक निळं नळकांडं सोल्डर केलेलं असतं. ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. तारीख, वेळ, हार्ड डिस्कचा प्रकार एवढं लक्षात ठेवायला ती लागते. वापराविना पडून राहिली की ती पाझरते आणि आतला क्षार बोर्डवरचं तांबं खात जातो. इथेही सॉकेटभोवती हिरवट-निळी बुरशीसारखी भुकटी जमली होती. काकांनी बॅटरी कापून काढली, जुन्या टूथब्रशला व्हिनेगर लावून ती जागा घासली, फसफस थांबेपर्यंत. मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बोर्ड उन्हात.

“काका, कीबोर्डची ही लाइन पूर्णच गेली की.”

“जाऊ दे रे. तिने वाट खाल्ली, आपण दुसरी काढू.” मल्टिमीटर बीपवर ठेवून एकेक टोक तपासत त्यांनी तुटलेली जागा शोधली आणि केसाएवढी तांब्याची तार सोल्डर करून ती जोडली. चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला. बऱ्याच बोर्डांवर बाहेरची बॅटरी जोडायला चार पिनांची सोय असते. तिथे तीन पेन्सिल सेलचा डबा लावला, जंपर बदलला, आणि डबा बोर्डपासून लांब, कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवला. पुढेमागे पाझरला तर पत्रा जाईल, बोर्ड राहील.

पॉवर सप्लायच्या बाबतीत त्यांचा एकच मंत्र: काळ्याला काळी. त्या काळच्या सप्लायमधून बोर्डला दोन वेगळे कनेक्टर येतात, पी-८ आणि पी-९. दोन्ही दिसायला सारखे, आणि थोडा जोर लावला तर उलटेही बसतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध शेजारी-शेजारी आल्या तर ठीक. नाहीतर भलत्या पिनांवर भलते व्होल्ट जाऊन बोर्ड कायमचा गप्प. आणखी एक गोष्ट आजच्या मुलांना सांगायला हवी. त्या कॅबिनेटचं पुढचं बटण म्हणजे नुसता इशारा नसतो, घरातली २३० व्होल्टची लाइन त्या बटणापर्यंत आलेली असते. तिथे उगाच बोट घालू नये.

मूळची हार्ड डिस्क फिरत होती, पण वाचत नव्हती. तिच्या जागी कॅमेऱ्यांत असायचं ते कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावलं. हे कार्ड विजेच्या भाषेत आयडीई डिस्कसारखंच बोलतं, त्यामुळे एका साध्या अ‍ॅडॅप्टरवर काम भागतं. बायोसमध्ये ४७ नंबरचा प्रकार निवडून सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरायचे. कार्ड कितीही मोठं असो, जुन्या बायोसला ५०४ मेगाबाइटच्या पलीकडचं दिसत नाही. डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या खेळांना तेवढ्यात लोळायला जागा आहे.

कॅबिनेटवर ‘३३’ असा हिरवा आकडा पेटला. लहानपणी आम्ही हा आकडा मोठ्या आदराने बघायचो. प्रत्यक्षात तो काहीही मोजत नाही. मागे जंपर असतात, त्यांनी हवा तो आकडा लावता येतो. टर्बोचं बटण दाबलं की दुसरा आकडा, तोही जंपरनेच ठरलेला. बटण मात्र खरं. ४.७७ मेगाहर्ट्झच्या जुन्या यंत्रांसाठी लिहिलेले खेळ आवाक्यात यावेत म्हणून यंत्राला मुद्दाम मंद करायला ते असायचं, आणि नाव काय, तर टर्बो!

इथवर झालं ते दुरुस्तीचं काम. खेळ चालवण्याचं काम यानंतर सुरू होतं, आणि ते सगळं मेमरीचं आहे.

१९८१ साली आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा त्यातली ८०८८ चिप एकूण एक मेगाबाइटपर्यंतच पोचू शकत होती. त्यातले खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रामना दिले, वरचे ३८४ स्क्रीनसाठी, रॉमसाठी आणि कार्डांसाठी राखून ठेवले. पुढे यंत्रात चार मेगाबाइट आले, आठ आले, पण डॉसचा संसार त्याच ६४० केबीच्या खोलीत. डॉस स्वतः तिथेच राहणार, माऊसचा ड्रायव्हर तिथेच, सीडी असेल तर तिचाही. उरलेल्या जागेत खेळ. खेळ सुरू करायला जावं तर तो सांगणार, मेमरी कमी आहे. चार मेगाबाइटच्या यंत्रावर!

तोडगा दोन फाइलींत असतो, कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट. पहिल्या ओळीत हायमेम.सिस, म्हणजे एक मेगाबाइटच्या वरची मेमरी हाताशी येते. मग ईएमएम३८६, जो राखीव ३८४ केबीमधल्या रिकाम्या फटी शोधून वापरायला देतो. मग डॉसला ‘हाय, यूएमबी’ अशी आज्ञा, म्हणजे डॉसचा मोठा भाग वरच्या मजल्यावर. आणि शेवटी माऊस वगैरे मंडळींना ‘लोडहाय’ लावून त्या फटींत ढकलायचं. हा क्रम चुकवून चालत नाही. ईएमएम३८६ला हायमेम आधी लागतो. ड्रायव्हरांमध्येही मोठा आधी, लहान नंतर. कारण कित्येक ड्रायव्हर स्थिरावल्यावर थोडी जागा खातात, पण आत शिरताना बरीच मागतात. मोठी फट आधी लहानाने अडवली की मोठा निमूट खाली ६४०मध्ये येऊन बसतो, आणि कुणी तक्रारही करत नाही. ‘मेम /सी’ मारून एकेकाचा पत्ता बघावा लागतो. एक ओळ वर घ्यायची, रीबूट करायचं, आकडा बघायचा. सहाशे केबीच्या पुढे काटा गेला की हायसं वाटतं.

‘विंग कमांडर’ची आणखी एक मागणी असते. त्याला एक्सपांडेड मेमरी मिळाली तर तो काही जादाची चित्रं दाखवतो. ती हवी असेल तर ईएमएम३८६ला तशी आज्ञा द्यायची. पण ही मेमरी एका ६४ केबीच्या खिडकीतून वापरली जाते आणि ती खिडकी कुठे बसते? वरच्या त्याच फटींमध्ये, जिथे आपण इतका वेळ ड्रायव्हर कोंबत होतो. म्हणजे एक मिळवायला दुसरं सोडा. मी सीडीचा ड्रायव्हर काढला, डिस्क कॅश काढली, माऊस ठेवला. आणि हे कशासाठी, तर कॉकपिटमध्ये जॉयस्टिक धरलेला वैमानिकाचा हात आपण वळवू तसा हलावा म्हणून. तो हलला तेव्हा काका म्हणाले, “एवढ्यासाठी?” हो, एवढ्यासाठीच. तेव्हाच्या मुलांनीही एवढ्यासाठीच बापाला मेमरी वाढवायला लावली असेल.

बनवणाऱ्यांनाही या मेमरीने छळलंच होतं. त्या चमूतल्या एका प्रोग्रामरने पुढे सांगितलेला किस्सा आहे. खेळ बाजारात जायच्या घाईत असताना बाहेर पडताना ईएमएम३८६ची चूक पडद्यावर येत होती. शोधायला वेळ नव्हता. त्याने चूक सांगणारा संदेशच बदलून टाकला: ‘विंग कमांडर खेळल्याबद्दल धन्यवाद’. चूक तशीच राहिली, वर सौजन्य पदरात पडलं.

याच कंपनीचा १९९२चा ‘अल्टिमा ७’ काढा. त्याची स्वतःची ‘वूडू’ नावाची मेमरी-व्यवस्था आहे आणि ती ईएमएम३८६ असेल तर चालायलाच तयार नाही. एकाच घरचे दोन खेळ, एकाला जो हवा तो दुसऱ्याला डोळ्यांसमोर नको. पूर्वी लोक दर खेळाला वेगळी बूट फ्लॉपी करून ठेवायचे. १९९३च्या डॉस ६पासून कॉन्फिग.सिसमध्येच मेनू करता येऊ लागला. यंत्र सुरू होतानाच विचारतं, कुणासाठी मांडू?

आवाजाचं फार लांबवत नाही. कॅनडाच्या अ‍ॅडलिब कार्डात यामाहाची जी संगीताची चिप होती तीच पहिल्या साउंड ब्लास्टरने घेतली, म्हणून साउंड ब्लास्टर असला की अ‍ॅडलिबचे खेळही वाजतात. इंटरप्ट म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची लाइन. त्यातली ७ नंबरची प्रिंटरची असते, साउंड कार्ड ५वर ठेवलेलं बरं. या चिपचा आवाज खऱ्या वाद्यांसारखा नाही आणि तसं सोंगही आणत नाही. लढाई सुरू झाली की ‘विंग कमांडर’चं संगीत बदलतं, मार खाल्ला की पुन्हा बदलतं. १९९०मध्ये हे नवल होतं, आणि त्या पितळी, किंचित कर्कश सुरांत ते आजही चढतं.

आपल्याकडे या खेळापेक्षा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जास्त घरांत पोचला. जॉर्डन मेकनरने तो अ‍ॅपल टू या यंत्रासाठी १९८९मध्ये लिहिला, धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून, त्याचं चित्रीकरण करून, त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. डॉसवर तो पुढच्या वर्षी आला. आपल्याकडे तो बहुधा फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आला, पुस्तिकेशिवाय. पहिली पातळी संपल्यावर खेळ पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या शब्दाचं पहिलं अक्षर विचारतो आणि त्या अक्षराची बाटली प्यायला सांगतो. पुस्तिका नसलेल्यांकडे अक्षरांची झेरॉक्स असायची, किंवा ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून आत शिरायची विद्या. त्यात ‘के’ दाबलं की समोरचा पहारेकरी मरायचा. काकांच्या ३८६वर हा खेळ काहीही न मागता चालला. त्याची गती यंत्राच्या घड्याळाला बांधलेली आहे, प्रोसेसरच्या ताकदीला नाही. त्यामुळे तो ४८६वरही तसाच पळतो. शहाणपण ‘प्रिन्स’मध्ये जास्त, नखरे ‘विंग कमांडर’मध्ये.

फ्लॉप्यांचं मात्र आपल्या हवेत कठीण आहे. मुंबई-कोकणात दोन-तीन पावसाळे डब्यात काढले की चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. अशी फ्लॉपी चांगल्या ड्राइव्हमध्ये घातली की बुरशी हेडला लागते, आणि तो हेड पुढच्या फ्लॉप्या खरवडतो. पत्र्याची झडप सरकवून, चकती हळूहळू फिरवत, कापसाच्या काडीने अल्कोहोल लावून पुसायची. मग एकदाच वाचायची आणि लगेच इमेज करून ठेवायची.

हे सगळं आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणारा डॉसबॉक्स हा प्रोग्राम दोन मिनिटांत करतो, हे मला माहीत आहे. त्यात प्रोसेसरची गती ‘सायकल्स’च्या आकड्याने कमी-जास्त करता येते. म्हणजे ३८६चा घाम आकड्याने मागवता येतो. ज्याला फक्त खेळायचं आहे त्याने तेच वापरावं, उगाच व्हिनेगरमध्ये हात घालू नये. पण खेळ असा का आहे, हात हलणं हे बक्षीस का वाटायचं, हे ६४० केबीत सामान लावल्याशिवाय कळत नाही.

आणि पडदा. तो डॉसबॉक्सला आणता येत नाही. हे खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांचे, पण ४:३ च्या काचेसाठी काढलेले, म्हणजे ठिपका रुंदीपेक्षा थोडा उंच. जुन्या मॉनिटरवर ग्रह गोल दिसतो. आजच्या पडद्यावर ठिपका चौरस धरला की तोच ग्रह चपटा होतो. व्हीजीए प्रत्येक ओळ दोनदा काढते, सेकंदाला सत्तर वेळा, आणि काचेवर ठिपक्यांच्या कडा एकमेकींत किंचित विरघळतात. चित्रकाराने रंग त्या विरघळण्यावर बेतून भरले होते. फिल्टर लावून याची नक्कल होते, पण चौदा इंची काचेसमोर बसलेल्याला ती पटत नाही.

३८६ अजून मिळतात, कार्डं मिळतात, मेमरी मिळते. मॉनिटर मिळत नाहीत. अशा नळ्यांचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली, आणि भंगारवाला त्यातली तांब्याची कॉइल काढून काच फोडून टाकतो. तुमच्या माळ्यावर व्हीजीए मॉनिटर चालू स्थितीत पडला असेल तर किलोवर देऊ नका. जुनी यंत्रं जपणारा कुणी तुमच्या गावातही असेल, त्याला विचारा. मागचं झाकण मात्र कुतूहलापोटी उघडू नका. बंद असलेल्या नळीतही हजारो व्होल्ट उरलेले असू शकतात.