सुजेखालचा चेहरा

कानाच्या छिद्रासमोर कूर्चेचा छोटा उंचवटा असतो. तिथे मोजपट्टीचं टोक धरायचं आणि पट्टी गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणायची. मग त्याच उंचवट्यापासून हनुवटीच्या टोकापर्यंत. तिसरं माप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत. माझ्या भाचीच्या दोन्ही जबड्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टर रोज सकाळी शिंप्याकडे असते तशी पट्टी घेऊन येत आणि ही मापं वहीत उतरवत. तिसऱ्या दिवशी आकडे सगळ्यांत मोठे होते. तिचा खालचा ओठ बधिर होता. सिरिंजने पाजलेलं मुगाचं कढण हनुवटीवर ओघळलं तरी तिला पत्ता नसे. तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, ‘मावशी, मी अशीच राहणार?’

हा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना असणार. अमेरिकेत व्हीलिंग गावच्या सायमन हलिहेन यांनी १८४९ साली अशा एका तरुणीवरच्या उपचारांची हकिगत प्रसिद्ध केली. लहानपणी भाजल्याच्या व्रणाने तिचा खालचा जबडा ओढला जाऊन पुढे आला होता. आजच्या पद्धतीचा पाया मात्र ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांच्या १९५७ सालच्या लेखाने घातला. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना उभं चिरून पातळ फाका करायच्या आणि त्या एकमेकींवर सरकवून जबडा पुढे-मागे न्यायचा. हे सगळं तोंडाच्या आतून, चेहऱ्यावर व्रण न ठेवता. बाहेर टाका दिसत नाही, म्हणून नातेवाइकांना वाटतं किरकोळ काम झालं असेल. आत मात्र हाड कापलेलं असतं, स्नायू सोडवलेले असतात. दुखावलेल्या केशवाहिन्यांतून द्रव झिरपून ऊतींमध्ये साठतो. दोन-तीन दिवस सूज चढते, मग उतरू लागते. उशाला उंची, थंड शेक, स्टिरॉइड या उपायांनी ती आटोक्यात राहते, टळत नाही.

मोजपट्टीचा दोष उघड आहे. ती रेषा मोजते आणि सूज तर घनफळात असते. गाल फुगला तरी ओठाचा कोपरा हलला नाही, तर पट्टी थोडंच सांगते. शिवाय मऊ गालावर कोण किती दाबतं, त्यावर माप बदलतं. सीटी स्कॅन दर आठवड्याला काढून रुग्णाला क्ष-किरण द्यायचे नसतात. एमआरआयला द्रव छान दिसतो, पण तो महाग, आणि दातांवरच्या तारांमुळे चित्र बिघडतं. म्हणून गेल्या काही दशकांत चेहऱ्याला हात न लावता त्याचा पृष्ठभाग टिपणारी साधनं आली. लेझर स्कॅनर चेहऱ्यावरून प्रकाशाची पट्टी फिरवतो. दुसऱ्या पद्धतीत अनेक कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून क्षणार्धात एकदम फोटो काढतात आणि संगणक त्यांतून त्रिमित चेहरा बांधतो. केस मागे बांधलेले, ओठ सैल, नजर समोर. सुजलेल्या माणसाला ओठ सैल मिटून बसणंही जड जातं, हे मी पाहिलं आहे.

दोन तारखांचे चेहरे एकमेकांवर बसवताना कपाळ आणि नाकाचा वरचा भाग आधाराला धरतात, कारण तिथे शस्त्रक्रिया पोचलेली नसते. मग दोन पृष्ठभागांतलं अंतर रंगांनी दाखवतात, आणि मधल्या पोकळीचं घनफळ काढता येतं.

पण तुलना कशाशी करायची? पाय मुरगळला तर दुसरा पाय समोर असतो. इथे दोन्ही बाजू सुजलेल्या. ऑपरेशनपूर्वीच्या चेहऱ्याशी तुलना करावी, तर हाडच हललेलं. हनुवटी सहा मिलिमीटर पुढे आणली असेल, तर ते सहा मिलिमीटर सूज नव्हेत. ज्या चेहऱ्याशी तुलना करायची तो अजून कुणी पाहिलेलाच नाही! कार्डिफच्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात लेझर स्कॅनरने हे काम केलं, तेव्हा सहाव्या महिन्याचा चेहरा मूळ धरला आणि तिथून मागे मोजत आले. पहिल्या महिन्यात साधारण ६० टक्के सूज उतरल्याचं त्यांना दिसलं. दोन आठवडे संपले की आपण रुग्णाला ‘आता बरी दिसतेस’ म्हणतो, आणि तो आरशात सुजेचा मोठा वाटा अजून बघत असतो. उरलेली सूज महिनोन्‌महिने रेंगाळते. त्यात भर म्हणजे पातळ आहारामुळे वजन घटतं आणि गाल त्यामुळेही बसतात. त्या घटीला सूज उतरणं म्हणायचं का? प्रामाणिक मापनात वजनही लिहावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे आकडे सर्जनच्या कागदातच राहू नयेत. तिसऱ्या दिवशी मला ते माहीत असते, तर मी भाचीला ‘होईल गं सगळं नीट’ एवढंच म्हणाले नसते. तिच्याच वहीत मी तारखा लिहून दिल्या असत्या.

पुढे ती स्वतःच पट्टी लावू लागली, दर रविवारी, आंघोळीआधी. पाचव्या महिन्यात एकदा तिने वहीत माप लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, ‘अगं, विसरले.’ त्या दिवशी ती मैत्रिणींबरोबर फोटो काढायला गेली होती.