चित्रे न विकण्याची किंमत

18 जुलै 2013 रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणे सुमारे 1800 कोटी डॉलरचे. देणेकऱ्यांत वित्तसंस्था होत्या, तसे शहराची नोकरी करून निवृत्त झालेले हजारो लोकही होते. वसुलीसाठी साहजिकच नजर गेली ती शहराच्या मालकीच्या कलासंग्रहालयाकडे. भिंतीवर ब्रूगेल आणि व्हॅन गॉग टांगलेले असताना म्हाताऱ्यांची पेन्शन का कापायची, हा सवाल रोकडा होता. पण गैर नव्हता.

क्रिस्टीज या लिलावसंस्थेने शहराच्या पैशातून घेतलेल्या सुमारे 2800 कलाकृतींचे मोल केले: 45.4 ते 86.7 कोटी डॉलर. (त्यात एकट्या ब्रूगेलच्या ‘लग्नातला नाच’ या चित्राचे 10 ते 20 कोटी!) 2014मध्ये दुसऱ्या संस्थेने संपूर्ण संग्रहाची किंमत 280 ते 460 कोटी सांगितली, आणि सगळे एकदम विकायला काढल्यास हाती निम्म्याहूनही कमी येईल, असेही बजावले. चित्राला सोन्यासारखा रोजचा भाव नसतो. त्या दिवशी लिलावात दोन हट्टी गिऱ्हाइके समोरासमोर आली तर तो चढतो, एरवी नाही.

शिवाय हा भाव मोजतो काय, तर चित्र घरी नेणाऱ्या एकाची हौस. संग्रहालयातले चित्र एकाने पाहिले म्हणून दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही. आणि जे तिकडे कधी फिरकत नाहीत, त्यांनाही ते गावात असावेसे वाटते. अर्थशास्त्रात याला अस्तित्वमूल्य म्हणतात. ते काढण्याची रूढ पद्धत म्हणजे लोकांनाच विचारणे, की हे टिकावे म्हणून तुम्ही किती द्याल? तिच्यावरचा जुना आक्षेप असा, की नुसते बोलायला काय जाते!

डेट्रॉइटमध्ये मात्र लोकांनी खिशात हात घातला होता, तोही दिवाळखोरीच्या वर्षभर आधी. ऑगस्ट 2012मध्ये शहर आणि उपनगरांच्या मिळून तीन काउंटींतील मतदारांनी संग्रहालयासाठी दहा वर्षांचा मालमत्ता कर स्वतःवर लावून घेतला. दीड लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला साधारण 15 डॉलर. एकूण जमा सुमारे 2.3 कोटी. बदल्यात रहिवाशांना प्रवेश मोफत, म्हणजे या आकड्यात पाहण्याची हौस किती आणि निव्वळ आस्था किती, हे वेगळे काढता येत नाही. पण पुढे चित्रे विकण्याची भाषा सुरू झाली तेव्हा, विकाल तर कर थांबवू, असा इशारा एका काउंटीतून आला. लिलावाच्या आकडेमोडीत ही वजाबाकी कुठे होती?

अखेर खासगी प्रतिष्ठाने, मिशिगन राज्य आणि संग्रहालयाने मिळून वीस वर्षांत 81.6 कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. पैसा पेन्शनकडे गेला. संग्रहाची मालकी शहराकडून काढून स्वतंत्र, ना-नफा संस्थेकडे देण्यात आली. नोव्हेंबर 2014मध्ये न्यायालयाने या तडजोडीला मान्यता दिली. तरीही पोलीस आणि अग्निशमन दल वगळता इतर निवृत्तांच्या पेन्शनमध्ये 4.5 टक्के कपात झाली आणि महागाईनुसार मिळणारी वाढही गेली. चित्रे वाचली म्हणताना हा खर्चही त्यांच्याच खात्यावर मांडायला हवा.

कराची मुदत संपण्याआधीच, मार्च 2020मध्ये, तिन्ही काउंटींच्या मतदारांनी तो आणखी दहा वर्षांसाठी मंजूर केला.