साखरेची वाट शोधणाऱ्या गर्टी

बाळाचं पोट मोठं दिसतं, थोडा वेळ उपाशी राहिलं की ते मलूल पडतं. मग बोटं पहिल्यांदा आईकडेच वळतात. 'गरोदरपणी काहीतरी खाल्लं असेल!' अशा एका दुर्मिळ आजाराचं मूळ शोधण्यात एका बाईचाच मोठा वाटा आहे. त्या गर्टी कोरी.

१८९६ साली प्रागमध्ये जन्मलेल्या गर्टी डॉक्टर झाल्या आणि १९२२ मध्ये अमेरिकेला गेल्या. पती कार्ल यांच्याबरोबरीनं त्या प्रयोगशाळेत राबायच्या. तरी 'तुमच्यामुळे नवऱ्याची प्रगती अडतेय' असं त्यांना ऐकावं लागलं. १९३१ मध्ये सेंट लुईसच्या विद्यापीठात कार्ल प्राध्यापक झाले, गर्टींना मात्र तुटपुंज्या पगाराची संशोधन सहायकाची नोकरी. प्राध्यापकपद मिळायला १९४७ साल उजाडलं. त्याच वर्षी दोघांना नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला! त्याच सुमारास त्यांना रक्ताचा गंभीर आजार असल्याचं कळलं, पण काम थांबलं नाही.

१९५२ मध्ये कोरी दांपत्यानं दाखवून दिलं, की या मुलांच्या यकृतात साखरेचा साठा असतो, पण तो रक्तात सोडणारं एन्झाइमच नसतं. हा दोष आई आणि वडील, दोघांच्याही जनुकांतून येतो. आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा मुलांना ठरावीक वेळानं कच्चं कॉर्नफ्लोर पाण्यात कालवून देतात, त्यानं रक्तातली साखर टिकून राहते.

म्हणून आजारी लेकराच्या आईला बोल लावू नका. तिला हवी असते वेळेवर तपासणी आणि घरच्यांची साथ.