गिटारच्या नखीची निवड : आकारमान, आकार व ताठरता

प्रस्तावना

गिटार हे आज महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेले वाद्य आहे. वाद्य खरेदी करताना लाकूड, तारा, बांधणी यांची बारकाईने चौकशी केली जाते. परंतु तार छेडणाऱ्या नखीचा, म्हणजेच पिकचा, विचार क्वचितच होतो. दुकानदाराने दिलेली नखी वर्षानुवर्षे वापरली जाते. ती हाताला व वादनप्रकाराला अनुरूप नसल्यास तारेत अडकते, बोटांतून निसटते. ती सांभाळण्यासाठी पकड घट्ट होते आणि मनगट आखडते. अशा वेळी नवशिका वादक दोष साधनाला न देता स्वतःच्या कुवतीला देतो व अनेकदा वादनच सोडतो. म्हणून नखीची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नखीचे स्वरूप व द्रव्य

सतारीची मिझराब तारेची असून ती बोटात घातली जाते. सरोदचा जवा प्रायः नारळाच्या करवंटीपासून घडवलेला असतो व तो हातात धरला जातो. गिटारची नखीही अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरली जाते. त्यामुळे तिचे वर्तन वादकाच्या पकडीवरही अवलंबून असते.

पूर्वी उत्तम नखी हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचापासून बनवत. न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'अँड्रिया यांनी १९२२ साली सेल्युलॉइडच्या नख्या तयार करण्यास प्रारंभ केला. संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ साली झाला आणि पुढे त्यानुसार या कासवाच्या कवचाचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरला. त्यानंतर पर्यायी द्रव्यांचे महत्त्व वाढले. डनलॉप कंपनीची 'टॉर्टेक्स' ही नखी १९८१ साली आली. आज सेल्युलॉइड, नायलॉन व डेल्रिन ही द्रव्ये सर्वत्र आढळतात.

ताठरता

बाजारात नख्या जाडीनुसार ओळखल्या जातात. ढोबळमानाने ०.४० ते ०.६० मि.मी. पातळ, ०.६० ते ०.८० मि.मी. मध्यम, ०.८० ते १.२० मि.मी. जाड व त्यापुढे अतिजाड असे वर्गीकरण केले जाते. मात्र जाडी म्हणजे ताठरता नव्हे. एकाच द्रव्याच्या व आकाराच्या पट्टीची वाकण्याविरुद्धची ताठरता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे जाडी ०.५० वरून १.०० मि.मी. केल्यास ताठरता दुप्पट न होता आठपट होते. ०.६० व ०.७३ मि.मी. या दोन नख्यांतील फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो. परंतु दुसरीची ताठरता पहिलीच्या सुमारे १.८ पट असते. शिवाय समान जाडीची नायलॉनची नखी सामान्यतः अधिक लवचीक असते व ओलावा शोषल्यावर आणखी मऊ पडते. म्हणून नखीवर छापलेला आकडा हा निवडीचा आरंभबिंदू मानावा, निर्णय नव्हे.

पातळ नखी तारेवर वाकून सरकते. सर्व तारा एकत्र छेडून गीताला साथ करताना हा गुण उपयुक्त ठरतो. आघात समान राहतात व नखी अडकत नाही. परंतु एकेका तारेवर द्रुत गतीने वाजवताना वाकलेली नखी पूर्वस्थितीत येण्यास लागणारा वेळ अडसर ठरतो. तेथे १ मि.मी. किंवा त्याहून जाड नखी अधिक नियंत्रण देते. 'क्वीन' या वाद्यवृंदाचे ब्रायन मे तर सिक्सपेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतात. ताठरता टोकाची असली तरी पकडीतील सैलपणा तिची भरपाई करू शकतो, हे यावरून लक्षात येते.

आकार व आकारमान

टोकाचा आकार नादाचा पोत ठरवतो. टोकदार नखीमुळे छेडलेल्या बिंदूपाशी तारेला तीक्ष्ण कोन पडतो. त्यामुळे उच्च उपस्वर अधिक प्रमाणात निर्माण होऊन नाद उजळ व धारदार होतो. गोलसर टोकाने हा कोन बोथट होऊन नाद मृदू होतो. झिजलेल्या नखीचा नाद बदलतो, तो याच कारणाने. कडा खरखरीत झाल्यास वेढ्यांच्या तारांवर घर्षणध्वनीही ऐकू येतो.

सर्वाधिक प्रचलित असलेली गोलसर त्रिकोणी नखी सुमारे ३० मि.मी. लांब असते. ती पकडण्यास सोपी असल्याने नवशिक्यांस सोयीची ठरते. लहान नखीचा अल्प भाग बोटांबाहेर राहतो व हालचाल मर्यादित होते, म्हणून एकल वादनात ती पसंत केली जाते. मोठी त्रिकोणी नखी बेस गिटारच्या जाड तारांसाठी सोयीची असून तिची तिन्ही टोके वापरता येतात. घाम येणाऱ्या हातांसाठी उठावदार पृष्ठभागाची नखी घ्यावी.

निवडीची पद्धत

नवशिक्याने प्रचलित आकाराच्या, एकाच द्रव्याच्या सुमारे ०.५०, ०.७३ व १.०० मि.मी. जाडीच्या तीन नख्या घ्याव्यात. एकच परिचित रचना, त्याच तारांवर व त्याच लयीत प्रत्येकीने वाजवून पाहावी. जाडी निश्चित झाल्यावरच टोकाचा आकार व त्यानंतर द्रव्य बदलावे. एका वेळी एकच घटक बदलला, तरच परिणामाचे कारण कळते. पकड आपोआप घट्ट होत असेल, तर ती नखी त्या कामासाठी अयोग्य समजावी. साथ व एकल वादन यांसाठी दोन भिन्न नख्या वापरण्यातही काही गैर नाही.

समारोप

सर्वोत्तम अशी एकच नखी नसते. वादनप्रकार, तारा व हात यांना अनुरूप नखी असते. अत्यल्प किमतीचे हे साधन विचारपूर्वक निवडल्यास वादकाची अडचण साधनाची आहे की सरावाची, हे वेगळे ओळखता येते. महाविद्यालयातील संगीत मंडळांच्या मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याच्या क्षमतेविषयी मत बनवण्यापूर्वी त्याच्या हातातील नखी एकदा पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.