गावकुसाबाहेरचा इतिहास लिहिणारी लेखणी

दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर या भागांतली बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. त्यातली कितीतरी बिऱ्हाडे सांगली-कोल्हापूरकडे, वारणेच्या खोऱ्यातल्या फडांवर उतरतात. याच मुलखात, वाळवा तालुक्यात, वाटेगाव नावाचे गाव आहे. साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांचा जन्म तिथे १ ऑगस्ट १९२० रोजी मांगवाड्यात झाला.

अण्णाभाऊंना आपण शाहीर म्हणून ओळखतो. आज त्यांची ओळख आम्ही इतिहास लिहिणारा कादंबरीकार म्हणून करून देत आहोत.

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की राजे, पेशवे आणि सरदार डोळ्यांपुढे येतात. रणजित देसाई यांची माधवराव पेशव्यांवरील ‘स्वामी’ १९६२ साली आली. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ तिच्याही तीन वर्षे आधी, १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक गावकुसाबाहेरचा मांग आहे. दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागतात, तेव्हा तो धान्याची कोठारे फोडून उपाशी वस्तीला जगवतो आणि इंग्रजांच्या खजिन्यावर चालून जातो.

सरकारदरबारी अशा माणसांची नोंद एकाच शब्दात होत असे, गुन्हेगार! १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जातीच्या जाती जन्मतःच चोर ठरवल्या. बापड्यांना चावडीवर हजेरी द्यावी लागे. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. त्या सरकारी कागदांना अण्णाभाऊंनी कादंबरीतून उत्तर दिले.

पण हा इतिहास त्यांना मिळाला कुठून? त्यांच्यापाशी ना बखर होती, ना दफ्तर. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. त्यांचे दफ्तर म्हणजे वाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. फकिरा तर त्यांच्या नात्यातलाच. आपल्या जन्माच्या वेळी फकिराने लुटीतले रुपये बाळंतिणीसाठी दिले, ही घरातली आठवण अण्णाभाऊंनी स्वतः सांगितली आहे.

लहानपणी त्यांना रानोमाळ भटकण्याचा, दांडपट्ट्याचा आणि पोवाडे पाठ करण्याचा नाद होता. पुढे वडिलांबरोबर सारे कुटुंब पायी मुंबईला निघाले, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे पाहून ते अक्षरे जुळवायला शिकले. हमाली केली, गिरणीत राबले. रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की त्यांचा आवडता. अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

अण्णाभाऊ लाल बावट्याचे, मग ते आपले कसे, असे विचारणारे आपल्यात आहेत. त्यांनी ‘फकिरा’चे अर्पणपान उघडून पाहावे. ही कादंबरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीस अर्पण केलेली आहे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, त्याचे उद्घाटनही अण्णाभाऊंनीच केले. मांगवाडा आणि बौद्धवाडा यांच्यात भिंत घालणाऱ्यांना हे अर्पणपान पुरेसे उत्तर आहे.

‘फकिरा’ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्यावर चित्रपटही निघाला. तरीही लेखकाचे शेवटचे दिवस हलाखीतच गेले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी ते गेले. २००२ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले आणि २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

माता-भगिनींनो, आपली मुले आजही कोयत्यामागे फडावर जातात आणि त्यांची शाळा बुडते. दीड दिवसाची शाळा अभिमानाने मिरवण्याची गोष्ट नाही. तो त्या काळाने अण्णाभाऊंवर केलेला अन्याय होता. तो आपल्या लेकरांच्या वाट्याला येऊ देऊ नका. गावात हंगामी वसतिगृह असेल तर मुलांना तिथे ठेवा. आणि संध्याकाळी आजीजवळ बसवून जुन्या दुष्काळाच्या, उचलीच्या, कोपीतल्या दिवसांच्या आठवणी त्यांना वहीत लिहून घ्यायला लावा.

आपला इतिहास दुसरा कोणी लिहील, याची वाट अण्णाभाऊंनी पाहिली नाही. आपणही पाहू नये.