सारावसुली आणि मधली गळती

सरकारची जमा वाढवावयाची म्हणजे कराचा दर वाढवावयाचा, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु आपल्याच मुलखाचा इतिहास पाहिला असतां तो खरा ठरत नाहीं.

आपला कळमनुरी तालुका पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता. १८५३ मध्यें सालारजंग दिवाण झाले, त्या वेळीं खजिना रिकामा असून बराच मुलूख अरब व रोहिले सरदारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडला होता. वसुली मक्त्यानें दिली जाई. मक्तेदार ठराविक रक्कम सरकारांत भरी आणि रयतेकडून काढतां येईल तितकें काढी. मक्ता पुढें आपणांकडे राहील कीं नाहीं ह्याची त्यास शाश्वती नसे. मग कुणब्याचे बैल व विहीर टिकावी ह्याची फिकीर तो कशास करील? रयत नागवली जाई आणि खजिनाहि भरत नसे.

सालारजंगांनीं गहाण मुलूख सोडविला, मक्ते बंद केले, १८६५ मध्यें जिल्हाबंदी करून पगारी अंमलदार नेमिले आणि धान्याच्या वांट्याऐवजीं रोख सारा सुरू केला. ह्यायोगें मधली गळती कमी झाली.

दराचें मर्म मात्र पुणे जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यांत दिसून येतें. १८३० च्या सुमारास प्रिंगलसाहेबांनीं बसविलेला सारा इतका जड झाला कीं लोकांनीं जमिनी टाकून दिल्या. १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं जमिनीची प्रत पाहून दर उतरविले व ते तीस वर्षें कायम ठेवण्याचें ठरलें. पडीत जमीन पुन्हां वहितीस आली आणि दर कमी असूनहि जमा वाढली. मराठवाड्यांतील पाहणी पुढें ह्याच धर्तीवर झाली.

तात्पर्य, कर माफक असावा, निश्चित असावा आणि वाटेंत कोठें मुरूं नये.

आज साऱ्यावर खजिना चालत नाहीं. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तु व सेवा कर आपण खत, औषध व औजारें घेतांना किंमतींतूनच देतों. दुकानदारानें पावती दिली नाहीं, तर तो कर त्याच्याच गल्ल्यांत राहण्याचा संभव असतो. असा दुकानदार म्हणजे जुन्या मक्तेदाराचाच वारस होय. यासाठीं प्रत्येक शेतकरी बंधूनें पक्की पावती मागून घ्यावी व जपून ठेवावी. माल खोटा निघाल्यास दाद मागण्यासहि तीच उपयोगी पडते.