पात्याचे पाणी आणि कारागिराचा भाव

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. थान हातात घेतले की सुताचा अंदाज येतो. सुरीचे मात्र तसे नाही, हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो.

काही वर्षांपूर्वी बकरी ईदच्या आधी मिरजोळे येथे एका लोहाराकडे सुरी पाहिली. भाव जास्त वाटला. घासाघीस केली, पण तो खाली येईना. मग बाजारातून निम्म्या किमतीची चकचकीत सुरी आणली. ईदच्या आदल्या रात्री दोरी कापून पाहिली, तर धार वळली. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी तेज असावी, अशी आपल्याला ताकीद आहे. रात्रीच शेजाऱ्याकडे सुरी मागायला जावे लागले.

पुढे त्याच लोहाराच्या भात्याशी बसून काम पाहिले. तो गाडीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद वापरतो. त्यात कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. झिजलेल्या कानशीचीही सुरी होते, आणि जे. के. फाइल्सच्या कारखान्यामुळे रत्नागिरीला कानस नवी नाही. कानशीत कार्बन एक टक्क्याहून जास्त, म्हणून धार कडक येते. पण तिचे दाते पुरते घासून काढले नाहीत, तर तिथूनच तडा जातो.

खरा हुन्नर पाणी चढवण्यात आहे. उर्दूत यालाच आब म्हणतात. पाते लाल तापवायचे. सुमारे ७७० अंशांना त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याहून थोडे अधिक तापले की तेलात बुडवायचे. आता पाते कडक झाले, पण काचेसारखे ठिसूळही झाले. म्हणून ते २०० ते २५० अंशांवर पुन्हा मंद शेकतात. ही दुसरी आच चुकवली, तर सुरी हातातून पडताच तुटू शकते. शेवटी पात्याचेच पोलाद मुठीच्या टोकापर्यंत ठेवून दोन्ही बाजूंना लाकूड रिव्हेटने बसवतात. मिटणाऱ्या चाकूसारखा सांधा नाही, त्यामुळे पाते हलत नाही.

गिऱ्हाइकाला चकाकी दिसते, पाणी दिसत नाही. म्हणून कारागीर बंधूंनी ते दाखवावे. गिऱ्हाइकासमोर धारेवर कानस फिरवावी. ती घसरली तर पाणी चढले आहे, पोलाद कोरले गेले तर पाते कच्चे. धार वळल्यास किंवा पाते तुटल्यास बदलून देण्याची हमी बिलावर लिहावी. कायद्याचेही भान हवे. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांत येते, मात्र घरगुती, शेती व उद्योगाच्या कामासाठी बनवलेल्या हत्यारांना त्यातून सूट आहे. म्हणून बिलावर सुरीचा उपयोगही लिहावा.

भांडवलासाठी २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्या १८ धंद्यांत लोहारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिले कर्ज ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत, अशी तिची तरतूद आहे.

आणि आम्हा व्यापाऱ्यांना एकच विनंती. माल पारखून घ्या, पण दोन्ही आचांची मेहनत भावातून कापू नका. पुढच्या ईदला मी त्याच लोहाराकडे गेलो आणि त्याने सांगितला तो भाव मोजला. ती सुरी आजही घरात चालते.